जोडीची तार

आत्याचा तंबोरा माडीवरच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असायचा. नारायण पेठेतला आमचा वाडा मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे देवळातली घंटा आणि आत्याचा षड्ज मागेपुढे ऐकू येत. खरजाची तार पितळेची, पिवळीधमक. मधल्या जोडीच्या दोन पोलादाच्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. जोडीतली तार तुटली की आत्या नवी चढवायची, पण लगेच पुऱ्या सुरात आणायची नाही. "आज एवढंच. रात्रभर राहू दे तिला," म्हणायची.

त्या तारेच्या पोटात काय असतं ते मला नदीपलीकडे कळलं. नव्या पुलावरून सायकल दामटत मी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकायला जायचो. तिथे पहिल्यांदा पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा केला, अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल घालून त्यात क्षणभर बुडवला आणि खिडकीपाशी तिरका धरला. शिंपल्याच्या आत असते तशी झाक त्यावरून सरकली. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांना १८६०च्या दशकात पोलादाचं हे अंतरंग सूक्ष्मदर्शकातून दिसलं. या मोतिया झाकेवरूनच त्या घडणीचं नाव पर्लाइट पडलं. मी भिंगाला डोळा लावला. रेघांमागून रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या.

मला आठवला दिवाळीतला चिरोटा. पोळीवर साटा, साट्यावर पोळी. लालबुंद पोलादात कार्बन दुधातल्या साखरेसारखा विरघळलेला असतो. शेकडा पाऊण भागाच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद ७२७ अंशांखाली उतरलं, की लोखंडाची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बनला जागाच उरत नाही. कणांच्या शिवेवर कुठेतरी सुरुवात होते. एक पापुद्रा जवळजवळ निव्वळ लोखंडाचा, फेराइटचा. तो आपला कार्बन शेजारी लोटतो. शेजारी कार्बन साठला की तिथे सिमेंटाइटचा कडक पापुद्रा धरतो आणि तो पलीकडचा कार्बन ओढून घेतो. तिथे मग पुन्हा फेराइट. एकाच्या टाकण्यावर दुसरा वाढतो आणि दोघं जोडीनेच पुढे सरकतात. फेराइटचा थर सिमेंटाइटच्या साधारण सातपट जाड. चिरोट्याची उपमा मात्र शेवटपर्यंत टिकत नाही: एकाच ठिकाणाहून वाढलेल्या थरांच्या वसाहतीतले सिमेंटाइटचे पापुद्रे सुटे नसतात, एकाच स्फटिकाला फुटलेल्या त्या फांद्या असतात. हे मला आजही त्या रेघांपेक्षा सुंदर वाटतं.

थर किती बारीक, हे निवण्यावर ठरतं. सावकाश निवू दिलं तर कार्बनला लांब जाता येतं आणि थर जाड होतात. पाण्यात विझवलं तर त्याला हलायलाच वेळ मिळत नाही. पर्लाइट होत नाही, पोलाद काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. तारेसाठी म्हणून मधली वाट धरतात. तापलेली तार साधारण पाचशे अंशांच्या वितळलेल्या शिशातून नेतात. तिथे अतिबारीक पर्लाइट तयार होतं. मग ती साच्याच्या भोकांतून एकापाठोपाठ एक ओढली की थर आणखी पातळ होतात, तारेच्या लांबीला समांतर पडतात. म्हणून एवढीशी तार चौरस मिलिमीटरला दोनशे किलोहून जास्त ताण सोसते.

एकदा प्रयोगशाळेत दिवे मालवून आम्ही पोलादाची तार तापवली. वीज तोडली. तार निवत, आखडत, काळवंडत गेली. आणि अंधारात एकाएकी पुन्हा उजळली, किंचित सैल पडून लोंबली, मग विझली. ती उजळते तेव्हाच आत पर्लाइट घडत असतं. घडताना उष्णता बाहेर पडते. घरी येऊन आत्याला सांगितलं.

"परत उजळली?" तिने दोनदा विचारलं. "मला दाखवशील?"

दाखवायचं राहून गेलं.

परवा जोडीतली एक तार तुटली. नवी घोडीवरून घेतली, खुंटीला गुंडाळली, सुराच्या थोडी खालीच ठेवली. सकाळी माडीवर गेलो तेव्हा ती आणखी उतरली होती. खुंटी जराशी पिळली, मणी नखाने सरकवला, जवारीचा दोरा मागेपुढे करून पाहिला. शेजारची जुनी तार छेडली, मग ही. थोडी खाली होती. मणी आणखी केसभर सरकवला.