टक्!

अहो, ऐका ना! हातातलं काम ठेवा आणि माझ्याबरोबर खाली फरशीवर बसा, कारण सगळं इथेच घडलं!

परवा आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारात आंधी आली. खिडक्या घट्ट लावल्या तरी दाताखाली रेती! म्हणून काल कॉम्प्युटरचं खोकं, आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो ते, उघडलं. आत पंख्यावर धुळीची चक्क गोधडी! रंगकामाच्या ब्रशनं सगळं झाडलं, झाकण लावलं, बटण दाबलं. पंखे फिरले! दिवा लागला! आणि स्क्रीन? काळा ठिक्कर! ‘नो सिग्नल’!

मला यातलं ओ की ठो कळत नाही. केबल काढून परत लावली. दुसरी लावली. ढिम्म! सकाळी मंडी हाउसला मेट्रो बदलून नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार गाठायचं ठरवलं आणि मग पुण्याहून भाच्याचा फोन आला आणि मग तो म्हणाला, “मावशी, थांब, बीप वाजतंय का बघ.” वाजत होतं! इतका वेळ वाजत होतं! “मग रॅम हललीय. काढून परत बसव.”

मी? रॅम? पण काढली! आधी प्लग उपसला, उरलासुरला करंट जावा म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून खोक्याच्या पत्र्याला हात लावला आणि मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाजूला केल्या आणि मग ती पट्टी अलगद हातात आली. बोटभर रुंद! आमची डीडीआर४, म्हणजे तिला २८८ टोकं, आणि टोकांवर सोन्याचा मुलामा! खरं सोनं, माझ्या फरशीवर! कडेला एक खाच, तीसुद्धा बरोबर मधोमध नाही, जरा सरकवलेली, म्हणजे उलटी बसवायची म्हटली तरी बसायची नाही. किती विचार केलाय कुणीतरी!

आणि ते बीप! कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःलाच तपासतो, १९८१च्या आयबीएम पीसीमध्येही हे होतंच. मेमरी, म्हणजे हीच रॅम, लागली नाही तर गाडी चित्रापर्यंत पोचतच नाही, म्हणून मग आवाजानं सांगतो. तो सांगत होता हो, मला ऐकू येत नव्हतं!

लेकीच्या कंपासपेटीतला मऊ खोडरबर टोकांवरून हलकेच फिरवला, कण न कण झटकला, पट्टी खोबणीत धरली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि... टक्! दुसऱ्या बाजूनंही टक्!

बटण दाबलं. एक बीप. आणि उजेड! मी ओरडले, लेक धावत आली, आणि मग आम्ही दोघी नुसत्या त्या स्क्रीनकडे बघत बसलो!

वरच्या मजल्यावरच्या काकूंचाही कॉम्प्युटर आंधीपासून उघडलेला नाही. खोडरबर माझ्याकडे आहे, ब्रश घेतलाय. चला, उठा, टॉर्च धरायला कुणीतरी हवंच!