लॉजच्या वहीतले आपले नाव

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकली आहे. पण या पाळण्यात रात्र काढायची वेळ आली, की पहिली गाठ पडते ती लॉजच्या टेबलावरील लांबट वहीशी.

जालना हे जुन्यापासून मुक्कामाचे गाव. जमशेदखानाने काळी मशीद बांधली, त्याबरोबर हमाम आणि सराईही बांधली. पुढे रेल्वे आली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि कोर्टकचेरीची कामेही इथेच आली. बियाणे, मोंढा, मोसंबी यांची ये-जा तर आहेच. २०१८ साली बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाल्यापासून लांबच्या जिल्ह्यांतले शेतकरीही कोष घेऊन येतात. लिलावाला उशीर झाला, शेवटची एस.टी. चुकली, की लॉज शोधणे आले.

तिथे वही पुढे सरकते. नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार, काम काय, सोबत कोण, सही. आपल्यातले कितीतरी जण चिडतात, “आम्ही काय चोर आहोत का?” म्हणतात आणि तालुक्याचे नाव टाकून मोकळे होतात. तसे करू नका. रात्री छातीत कळ आली, तर मॅनेजर त्या वहीतूनच घरचा पत्ता काढणार. पोलीस तपासाला आले, तरी आपण खरे कोण हे तीच सांगते. म्हणून गाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहा. घरी जो फोन उचलतो त्याचा नंबर लिहा, स्वतःच्या खिशातला नव्हे!

आणखी एक खटकते. पुरुषाचे नाव ठळक, आणि पुढे नुसते ‘सोबत बायको’. कोष तिने वाढवले, पाला तिने तोडला, मग वहीत तिचे नाव का नको? ताईंनो, स्वतःचे नाव स्वतः लिहा. एकटीने मुक्कामाला याल त्या दिवशी ही सवय कामी येईल.

आता अडचणीची बाजू. ओळखपत्राची झेरॉक्स मागतात आणि ती कुठल्या तरी खोक्यात पडून राहते. पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. पण आधारच हवे, असे नाही. मतदान ओळखपत्र किंवा वाहन परवानाही पुढे करून पाहावा. आधारच द्यायचे तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून निघते. गावातल्या शिकत्या पोराला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे. झेरॉक्सवर आडवे ‘फक्त मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख घाला. मूळ कार्ड मात्र टेबलावर ठेवून खोलीत जाऊ नका. खोलीची किल्ली हाती घेण्याआधी ते खिशात परत आलेले असावे.