कोट्टूरपुरमची फुकट खुर्ची

चेन्नईला गेलात की मरीना बीच आणि कपालीश्वर मंदिर बघालच. एक सकाळ कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयासाठीही ठेवा. २०१० साली उघडलेली ही नऊ मजली सरकारी इमारत. सोबत लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. पण बघण्यासारखा आहे तो स्वतःची पुस्तकं आणून बसायचा विभाग. टीएनपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली इथे दिवसभर मान खाली घालून बसलेली असतात. त्यातली ग्रुप-४ परीक्षा दहावी पास झालेल्यांनाही देता येते. पास झालं तर ‘व्हीएओ’, म्हणजे आपल्याकडचा तलाठीच म्हणा ना! जागा हजारांत, अर्ज लाखोंत. आणि एका खोलीच्या घरात टीव्ही, पाहुणे, चेन्नईचा उकाडा सांभाळून अभ्यास करायचा तरी कसा? इथे एसी आहे, शांतता आहे आणि बसायचे पैसे नाहीत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्चीचं महिन्याचं भाडं भरणाऱ्यांना हेवा वाटेल. २०११ मध्ये नव्या सरकारने या इमारतीत मुलांचं रुग्णालय करायचं ठरवलं होतं. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली आणि खुर्च्या जागेवर राहिल्या.