छिद्रांची ओळख

नाशिक शहरातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. लासलगावचा कांदा, निफाड आणि दिंडोरीची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील माल घेऊन मालमोटारी या रस्त्याने रात्रंदिवस धावत असतात. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला इगतपुरी मागे पडली की कसारा घाट उतरावा लागतो आणि परत येताना तोच घाट चढावा लागतो. भरलेल्या गाडीचे इंजिन अशा ठिकाणी बंद पडले, तर माल नासतो, मालकाचा कर्जाचा हप्ता थकतो आणि एखादे वेळी चालकाच्या जिवावरही बेतते. म्हणूनच एखादे इंजिन पूर्ण खोलून, धुऊन पुन्हा जोडले जाते, तेव्हा ते प्रथमच सुरू करण्याचा क्षण मोठा जबाबदारीचा असतो.

महामार्गालगतच्या एका गॅरेजात असे एक इंजिन जोडून तयार झाले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेला एक उमेदवार मोठ्या उत्साहाने म्हणाला, “उस्ताद, करू का सुरू?”

वृद्ध मिस्त्री शांतपणे म्हणाले, “बेटा, याच्या अंगावरचे प्रत्येक छिद्र आधी मला ओळखून दाखव. मग सुरू कर.”

मुलगा गोंधळला. पिस्टन, झडपा, क्रँक ही सारी मंडळी त्याला पुस्तकातील आकृतीवरून नावानिशी ठाऊक होती. परंतु समोरच्या ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर असे कितीतरी होते, की ज्याचा त्या आकृतीत पत्ताच नव्हता. एका बाजूस रुपयाहून मोठ्या, वाटोळ्या पत्र्याच्या टोप्या एका रांगेत बसवलेल्या होत्या. कोठे आटे पाडलेली रिकामी छिद्रे होती, कोठे नुसतेच उंचवटे होते. एका ठिकाणी तर काडी जेमतेम शिरेल एवढे बारीक भोक होते.

“या टोप्या कशाच्या?” मिस्त्रींनी विचारले. मुलाला सांगता येईना. तेव्हा मिस्त्रींनी त्याला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेची आठवण करून दिली. घंटा आतून पोकळ असते. ती ओतताना साच्याच्या मधोमध मातीचा गाभा ठेवतात, भोवती धातूचा रस ओततात आणि रस थंड झाल्यावर गाभा फोडून काढतात. गाभ्याच्या जागी पोकळी उरते. इंजिनाच्या ब्लॉकमध्येही सिलिंडरांभोवती पाणी खेळण्यासाठी अशीच पोकळी लागते आणि तीही वाळूच्या गाभ्याने तयार होते. घंटेचे तोंड खाली मोकळे असते, म्हणून तिचा गाभा काढणे सोपे जाते. ब्लॉकला असे मोकळे तोंड नसते. म्हणून गाभा धरून ठेवण्यासाठी व नंतर त्याची वाळू काढण्यासाठी भिंतीत मोठी छिद्रे ठेवतात आणि काम झाले की त्यांवर टोप्या ठोकून बसवतात. माणसाच्या पोटावर जशी बेंबी, तशा या ब्लॉकच्या जन्माच्या खुणा होत!

पाणी गोठले की ते सुमारे ९ टक्के फुगते. अशा वेळी टोपी निसटून ब्लॉक फुटण्यापासून वाचतो, या समजुतीने थंड देशांत या टोप्यांना गोठण्यावरून नाव पडले आहे. कधी कधी तसे घडतेही. पण टोपीचा जन्म काही त्यासाठी झालेला नाही. नुसते नाव ठाऊक असणे आणि वस्तू ओळखणे यांत असे अंतर असते.

पुढे आट्यांची छिद्रे आली. पहिली दोन मुलाने अचूक ओळखली. एकच प्रकारचा ब्लॉक मालमोटारीला, बसला किंवा विजेच्या जनित्राला वापरतात. एका ठिकाणी लागणारे छिद्र दुसऱ्या ठिकाणी लागत नाही. ते तसेच रिकामे राहते. तिसरे छिद्र ब्लॉकच्या खालच्या अंगाला, वाकल्यावाचून न दिसणाऱ्या जागी होते. “हेही रिकामेच,” असे तो म्हणणार, तोच मिस्त्रींनी त्याच्या हाती एक स्वच्छ तार दिली.

पहिल्या दोन छिद्रांत तार बोटाच्या एका पेराएवढी जाऊन थांबली. तिसऱ्यात मात्र ती सरसर आत गेली, आणि बाहेर काढली तेव्हा वंगणाने माखलेली होती.

मुलाच्या मनात लख्ख प्रकाश पडला. ब्लॉकच्या पोटातून वंगणाचा एक लांब मार्ग गेलेला असतो. तेथून क्रँकच्या बेअरिंगांना तेल पोचते. हा मार्ग बाहेरून छिद्र पाडून तयार करतात आणि छिद्राचे तोंड आट्यांच्या बुचाने बंद करतात. ब्लॉक धुताना बूच काढले होते; ते परत बसवायचे राहून गेले होते. इंजिन तसेच सुरू झाले असते, तर तेल बाहेर उडून गेले असते आणि कोरडी बेअरिंगे घासून जळाली असती.

बूच घट्ट बसले. आता सावध झालेल्या मुलाने ते बारीक भोकही बुजवण्यासाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी तो धरला. “थांब. ते उघडेच राहायला हवे.” काही इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला खाली रबरी कड्या असतात आणि त्यांच्या मधून हे भोक बाहेर निघते. वरची कडी गळू लागली, की पाण्याचा थेंब येथे दिसतो व चालक सावध होतो. भोक बुजवले, तर तेच पाणी निमूटपणे खालच्या चेंबरातील तेलात मिसळते. एक छिद्र उघडे राहिले तर घात, दुसरे बंद केले तर घात!

यानंतर इंधन बंद ठेवून इंजिन थोडे थोडे फिरवण्यात आले. तेलाच्या दाबाचा काटा वर चढलेला पाहिल्यावरच इंधन सोडले, आणि इंजिन गंभीर आवाजात सुरू झाले.

यंत्रावरील कोणतीही खूण उगीच नसते. काही खुणा ते यंत्र कसे घडले हे सांगतात, काही ते कसे चालते हे सांगतात, तर काही येणाऱ्या संकटाची वर्दी देतात. त्यांपैकी एखादी अनोळखी असणे यात कमीपणा नाही. मात्र तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे धोक्याचे असते. “हे काय आहे?” असे विचारणाऱ्याचा थोडा वेळ जातो. न विचारणाऱ्याची किंमत मात्र बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते. कांद्याच्या गोण्या घेऊन रात्री घाट चढणाऱ्या चालकाला त्या लहानशा बुचाची गोष्ट ठाऊक नसते. तो निर्धास्त असतो, तो कोणीतरी वेळीच विचारलेल्या एका प्रश्नाच्या बळावर.