बेस्टमध्ये असतो

आमच्या अण्णांना कुणी विचारले, "थोरला काय करतो हो तुमचा?" की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत आणि म्हणत, "बेस्टमध्ये असतो." एवढे बोलून थांबत. पुढचे ज्याचे त्याने समजावे. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुलाब्याचे इलेक्ट्रिक हाउस, तिथला डोक्यावरचा पंखा आणि टेबलावरच्या फायली येत असाव्यात. "वा! चांगली नोकरी," असे म्हणून ते पुढे जात आणि अण्णा चष्मा डोळ्यांवर चढवीत.

अण्णा खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. एका गिरणीत त्यांनी सव्वीस वर्षे हजेरीचे पुस्तक लिहिले होते आणि त्यात उशिरा आलेल्या सख्ख्या मेहुण्याचीसुद्धा अर्धी खाडी मांडली होती. त्यामुळे 'बेस्टमध्ये असतो' यात खोटे काही नव्हते. मी बेस्टमध्येच होतो. फक्त बस चालवत होतो. आणि तेवढा एक शब्द उच्चारायला त्यांची जीभ सात वर्षे वळली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी भोंग्यावर घड्याळ लावायची पद्धत होती. ते भोंगे थांबले. अण्णा पडले कारकून. ना धड कामगारांत, ना धड साहेबांत. पहिले दोन महिने ते रोज सकाळी दाढी करून, कोट घालून गिरणीच्या दरवाज्यापर्यंत जात आणि परत येत. पुढे कोट खुंटीवरच राहिला. त्याच उन्हाळ्यात मी बी. कॉम. झालो, दुसऱ्या वर्गात. पेढे वाटले नाहीत. आईने साखर ठेवली देवापुढे.

नोकरीसाठी किती अर्ज केले ते आता आठवत नाही. टपालाच्या तिकिटांचा हिशेब मात्र आई ठेवत असे, म्हणून तो आकडा तिला पाठ होता. तळमजल्यावर एक बेस्टचे कंडक्टर राहत. त्यांनी एकदा जिन्यात गाठून सांगितले, "हेवीचं लायसन काढून ठेव. भरती निघाली की अर्ज टाक. पगार महिन्याच्या महिन्याला होतो, आणि गिरणीसारखं दार बंद होत नाही." हलक्या गाडीचे लायसन माझ्याजवळ होते, कॉलेजात असताना मामाच्या टॅक्सीवर हौसेने काढलेले. मी हा विचार घरी सांगितला तेव्हा अण्णा जेवत होते. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवले आणि उठले. अर्धी भाकरी तशीच राहिली. संपाच्या दिवसांत आमच्या घरी भाकरी टाकलेली मला तेवढीच आठवते.

जवळच्या एका मोटार स्कूलमध्ये नाव घातले. स्कूल म्हणजे फळा नव्हे, बाक नव्हे. एक म्हातारी लॉरी आणि तिच्याइतकाच खोकणारा तिचा मालक. टॅक्सी चालवता येते म्हणजे लॉरीही येईल, या माझ्या समजुतीचे पहिल्या पाच मिनिटांत बारा वाजले. तिचे गिअर दांडी सरकवली की बसणारे नव्हते. वरच्या गिअरमध्ये जायचे तर क्लच दाबा, दांडी मध्ये आणा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर टाका. खाली उतरायचे तर मधल्या क्षणी इंजिनाला थोडा रेसही द्यायचा, म्हणजे आतली दोन चाके एका वेगाला येतात आणि गुपचूप जुळतात. चुकले की आतून असा करकराट होई, की फुटपाथवरची माणसे वळून बघत. त्या काळच्या कित्येक जड गाड्या अशाच. मला वाटे, अण्णा पाटावर बसून ताळेबंद जुळवतात तसे हे आहे. एक आकडा चुकला की सगळे ओरडते.

परीक्षेच्या दिवशी आर. टी. ओ.चे इन्स्पेक्टर शेजारी बसले. सरळ रस्ता झाला, वळणे झाली, हाताचे इशारे झाले, मागे घेणेही बरे जमले. मग त्यांनी एका पुलाच्या चढावर लॉरी थांबवायला सांगितली. थांबलो. "चला आता." मी हँडब्रेक सोडला आणि क्लच सोडायला अर्ध्या क्षणाचा उशीर केला. लॉरी वर जाण्याऐवजी मागे सरकली. दोन हात असेल, जास्त नाही. पण मागे कांद्याच्या गोणी लादलेली एक हातगाडी होती. तिला ओढणारा माणूस दोन दांड्यांच्या मध्ये. तो ओरडला, ते अजून ऐकू येते. ब्रेक लागला, कुणाला काही झाले नाही. इन्स्पेक्टर रागावले नाहीत. कागदावर दोन शब्द लिहिले आणि म्हणाले, "सराव करा."

परत येताना स्कूलच्या मालकाने मला चहा पाजला. त्याने कधी कुणाला चहा पाजल्याचे ऐकिवात नव्हते. म्हणाला, "उगाच कशाला फेऱ्या मारता? दोनशे रुपये वर द्या. पुढच्या खेपेला गाडीत नुसतं बसायचं." हे पैसे तो कुणाला देणार होता, की स्वतःच्याच खिशात घालणार होता, देव जाणे. मी घरी येऊन आईला सांगितले. आईच्या हातात एकच पाटली उरली होती. दुसरी मार्च महिन्यातच पेढीवर गेली होती. तिने काही न बोलता हाताला साबण लावायला सुरुवात केली. पाटली बसून गेलेली होती, निघेना.

अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. नोकरीच्या या प्रकरणात त्यांनी चार महिने माझ्याशी अवाक्षर काढले नव्हते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "पैसे द्यायचे नाहीत."

आई म्हणाली, "अहो, पण त्याचं—"

"तुला गाडी चढावर धरता येते का?" त्यांनी मला विचारले.

"नाही."

"मग नापास झालास ते बरोबरच झालं. उद्या तुझ्या गाडीत साठ माणसं बसतील. त्यांनी तिकिटाचे पैसे कशाचे द्यायचे?" आणि मग पेपर खाली घेऊन आईला म्हणाले, "हात धू तो."

मला त्यांचा इतका राग आला होता, की त्या रात्री मी गच्चीवर निजलो. ज्या धंद्याचे नाव काढायची लाज वाटते, त्यातला प्रामाणिकपणा मात्र मला शिकवायचा! हा राग पुष्कळ दिवस टिकला, हेही सांगून टाकतो; लगेच डोळे उघडले वगैरे काही झाले नाही.

मामाच्या ओळखीचा एक लॉरी ड्रायव्हर मशीद बंदरला माल उतरवून पहाटे रिकामा परतत असे. त्याच्याबरोबर महिनाभर गेलो. पूल आला की तो चढावर मुद्दाम थांबायला लावी. त्याने युक्ती सांगितली ती कुठल्या पुस्तकात सापडली नसती: "पायाकडे बघू नको, कानानं चालव. क्लच वर येताना इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी नाक उचलते. तोवर हँडब्रेकला हात लावू नको." दुसऱ्या खेपेला त्याच पुलावर लॉरी बोटभरही मागे गेली नाही. लायसन मिळाले, पुढे यथावकाश सार्वजनिक गाडीचा बिल्लाही मिळाला. पितळेचा तो बिल्ला आईने देवापुढे ठेवला. अण्णांनी त्या दिवशी पूजा केली, पण बिल्ल्याला फूल वाहिले की नाही ते मी पाहिले नाही.

बेस्टमध्ये निवड झाली १९८४ साली. वाटले, आता काय, लायसन आहे, गणवेश घालायचा आणि निघायचे. पण लॉरीत माल असतो आणि बसमध्ये माणसे, हा फरक शिकवायला आम्हांला एक मास्तर मिळाले. साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, आवाज खाली. मला ते 'बीकॉम' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. रिकाम्या बसच्या मधोमध उभे केले. "बीकॉम, कशाला धरायचं न्हाई." दुसरा उमेदवार चालवत होता. त्याने ब्रेक मारला तसा मी पुढच्या बाकावर जाऊन आपटलो. मास्तर म्हणाले, "तू पंचवीसचा हाईस. आता हातात पिशवी घे, काखेत पोर घे, आन् पन्नाशीचा हो. मग सांग ब्रेक कसा मारायचा." तीन दिवस आम्ही आळीपाळीने उभे राहून एकमेकांचे ब्रेक अंगावर घेतले. मनगटापेक्षा गुडघे अधिक शिकले.

मग वळणे. बसमध्ये ड्रायव्हर बसतो तो पुढच्या चाकांच्याही पुढे. टॅक्सीच्या सवयीने कोपरा आला म्हणून स्टेअरिंग फिरवावे, तर मागचे चाक सरळ फुटपाथवर चढते. आपण स्वतः चौकात पुरते बाहेर गेलो, आता समोरच्या दुकानात शिरतो की काय असे वाटले, म्हणजे फिरवायचे. स्टॉपवरून उजवीकडे निघताना उलटाच प्रकार: आपण उजवीकडे गेलो की शेपूट डावीकडे झुलते, आणि रांगेतला माणूस नेमका तिथे पाऊल पुढे टाकून उभा असतो. मास्तर म्हणत, "म्होरलं समद्यांनाच दिसतंय. पगार मागचं बघायचा हाय."

त्यांच्याजवळ एक लाल बालदी होती. बस उभी करून ती ते पुढच्या डाव्या कोपऱ्याशी ठेवत आणि विचारत, "दिसती का?" दिसत नसे. हातभर सरकवत. "आता?" नाही. पुढे वाकून, मान लांब करून, पुढच्या छोट्या आरशात पाहिले की कुठे लाल कड दिसे. "निघायच्या आदी बालदी बघायची. रोज. बालदी न्हाई हे ठाऊक असलं तरी." आम्ही त्यांच्या मागे या बालदीची नक्कल करून हसत असू.

नोकरीला चौथा महिना असेल. एका शाळेजवळचा स्टॉप, दुपारची सुटायची वेळ. मागून कंडक्टरने डबल बेल दिली. एक घंटी थांबण्याची, दोन निघण्याची. दोन झाल्या की पाय आपसूक हलतो. मागे टॅक्सीवाले भोंगे वाजवत होते. सवयीने वाकलो आणि आरशात पाहिले. बालदी नव्हती. एका पोराची खाकी चड्डी होती. गाडीखाली गेलेला कंपासचा डबा काढायला ते गुडघ्यावर बसले होते. पाय ब्रेकवरच होता. पोर उठले, डबा पुसला, माझ्याकडे न बघताच पळाले. कंडक्टरने चिडून पुन्हा डबल बेल दिली. पुढच्या स्टॉपपर्यंत माझे हात स्टेअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. घरी काही सांगितले नाही. काय सांगणार? काही झालेच नव्हते.

आता ते सगळे पुष्कळ बदलले आहे. कायदा १९८८चा आला. त्यानुसार प्रवासी वा मालाची गाडी चालवायला वय वीस पुरे लागते, आणि हलक्या गाडीचे लायसन वर्षभर असल्याशिवाय शिकाऊ लायसनही मिळत नाही. डॉक्टरचा दाखला हवा. आठवी पासची अट होती ती २०१९मध्ये गेली. विजेच्या बसला तर गिअरच नाही. डबल क्लच म्हणजे काय हे तरुण ड्रायव्हरला सांगितले की तो माझ्याकडे, अण्णा ट्रामच्या गोष्टी सांगत तेव्हा मी बघे तसा बघतो. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली, ती पाहायला अण्णा गर्दीत उभे होते. ट्राम हाकणाऱ्याचे मात्र ते कोण कौतुक करीत! आपल्या मुलाची गोष्ट वेगळी. जुन्या डिझेलच्या डबलडेकरनेही १५ सप्टेंबर २०२३ला निरोप घेतला. त्या दिवशी मी निवृत्त माणसासारखा मुद्दाम जाऊन उभा होतो.

पण सांगत होतो ते अण्णांचे. १९९१ साली माझ्यासाठी ठाण्याला मुलगी पाहायला गेलो. मुलीचे वडील शाळेत शिक्षक. पोहे झाले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. त्यांनी विचारले, "चिरंजीव कुठे असतात?"

"बेस्टमध्ये असतो," अण्णा म्हणाले.

"वा! कोणत्या खात्यात?"

सात वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. आईने पदर सावरला. मी बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिलो. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.

"बस चालवतो," ते म्हणाले. "लायसनच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला होता. चढावर गाडी मागे गेली. पैसे देऊन पास होता आलं असतं. दुसऱ्यांदा परीक्षा दिली."

हे सांगायची काही गरज नव्हती. नापास झाल्याचे कुणी मुलगी पाहायला जाऊन सांगते का? आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे पाहिले, आणि थोड्या वेळाने विचारले, "परत जाताना लालबागला इथून काय सोयीचं पडेल हो तुम्हांला?"

मी सांगू लागलो.