चढणीचे मासे

6 नोव्हेंबर 2025, गुरुवार
मुरगूड, आजरा, चंदगड, सगळीकडे निवडणुकीची हवा तापायला लागली आहे. 2 डिसेंबरला मतदान. तिथे नगरपालिका किंवा नगरपंचायत. आमची गारगोटी भुदरगड तालुक्याचं ठिकाण, पण कारभार अजून ग्रामपंचायतीचा. कट्ट्यावर आज तोच विषय निघाला: नगरपंचायत झाली तर बरं की घरफाळा वाढेल?

मला वेगळीच काळजी वाटते. जनगणनेत 5000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं जमलं की ग्रामपंचायत असलेलं गावही शहरात धरतात. नगरपालिका आली की 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा होतो. रस्ता, शाळा, बाग, बाजार यांच्या जागा नकाशावर राखल्या जातात. पण घरं आराखड्याची वाट बघत थांबत नाहीत. आराखडा येतो तेव्हा राखायला जागाच उरलेली नसते. कोल्हापूरचं बघा. महानगरपालिका 1972 साली झाली, हद्द अजून तिथल्या तिथे, आणि शहर केव्हाच हद्दीबाहेर पसरलं.

म्हणून मोजायचं ते आताच. यंदा भूगोलाच्या मुलांना प्रकल्प दिला आहे: आपली गारगोटी मोजा.

9 नोव्हेंबर, रविवार
दिवसभर निर्देशांक वाचत बसलो. केंद्राच्या पंचायत खात्याने ग्रामपंचायतींचा प्रगती निर्देशांक काढला आहे. 2022-23 या वर्षाचे निकाल गेल्या एप्रिलमध्ये आले, दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींचे. संयुक्त राष्ट्रांची 17 शाश्वत विकास ध्येयं गावाच्या मापाने बसवून नऊ विषय केलेत: जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, बालस्नेही गाव, असे. निर्देशक 435. नव्वदच्या वर गुण मिळाले तर सर्वांत वरची श्रेणी, चाळिसाच्या आत राहिलं तर सर्वांत खालची. शहरांसाठी आयएसओ 37120 हे आंतरराष्ट्रीय मानक 2014 पासून आहे. आपल्या राज्याचं ‘माझी वसुंधरा’ 2020 पासून भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पंचमहाभूतांवर गुण देतं. मुलांना ते चटकन कळतं.

हे सगळं व्हायला हवंच होतं. पूर्वी गावाची प्रगती पुढाऱ्याच्या भाषणात असायची, आता निदान तक्त्यात आहे. पण बहुतेक रकान्यांत टक्केवारी भरायची असते. नळ किती टक्के घरांत? शंभर टक्के. पुढचा रकाना. त्या नळाला पाणी किती वेळ, किती जोरात, आणि वाहिनीच्या टोकाच्या घरी किती, हे त्या शंभरात कुठेच दिसत नाही. सरासरी म्हणजे टाकीजवळच्या घराचं सुख टोकाच्या घराच्या नावावर मांडणं.

14 नोव्हेंबर, शुक्रवार
आज वर्गात हिशेब केला. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275. नळ तासभर येत असेल तर मिनिटाला साडेचार लिटरहून थोडं जास्त पडायला हवं. म्हणजे 20 लिटरचा कॅन साधारण 4 मिनिटं 20 सेकंदांत भरला पाहिजे. जास्त वेळ लागला तर त्या घरी माप पुरं होत नाही. कॅन सगळ्यांच्या घरात आहे, मोबाइलमध्ये घड्याळ आहे. एवढ्यावर आठवीतलं पोरही आपल्या घरचं पाणी तपासू शकतं.

मुलांना सांगितलं, प्रत्येक गल्लीत दोनच नळ मोजा, वाहिनीवरचा पहिला आणि शेवटचा. मधले सोडून द्या. त्या दोहोंतलं अंतर हाच आपला निर्देशक. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, शेवटचा नळ आमचाच हाय. पाणी सुटलं की मी अर्धा तास तिथंच बसून अभ्यास करते.” तिचं पुस्तक ओलं कशाने होतं, हे मला आज कळलं. वहीत पहिली नोंद तिच्या घरची.

17 नोव्हेंबर, सोमवार
 

संध्याकाळी नव्या वसाहतीत फिरलो. दोन वर्षांपूर्वी इथे भाताची खाचरं होती. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत सोय चांगली आहे: 0.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 40 गुंठे किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडले तर 10 टक्के जागा खेळायला, बसायला मोकळी ठेवायची. एकरामागे चार गुंठे. त्यात कबड्डीचं मैदान आरामात बसतं. पण भावाभावांत वाटण्या होऊन जमीन वीस-पंचवीस गुंठ्यांच्या तुकड्यांनी निवासी होत गेली, तर नियम कुणालाच लागू होत नाही. प्रत्येक तुकडा कायद्यात बसतो आणि सगळ्या वसाहतीत मिळून पोरांना चेंडू टाकायला जागा नसते. यात कुणी एक जण दोषी नाही, म्हणून तर सगळ्या गावाचा मिळून आराखडा लागतो.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1919 पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. आराखड्याआधी पाहणी, आणि पाहणी पायी, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी 1930 च्या दशकात धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरीत शाळा आणि गावसुधारणा यांचं काम एकत्रच उभं केलं होतं. त्यांनीच उभारलेल्या मौनी विद्यापीठाच्या या गावात मुलांनी वही घेऊन गल्लीत उतरणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

23 नोव्हेंबर, रविवार
आजचा दिवस ओढ्याचा. अमेरिकेतल्या सिएटल शहराची गोष्ट मुलांना सांगून ठेवली होती. तिथल्या नागरिकांनी 1990 च्या दशकात स्वतः जमून शहराचे निर्देशक ठरवले. त्यांतला एक होता, समुद्रातून ओढ्यांत परतणारे सामन मासे. मासा परत आला म्हणजे पाणी गार आहे, स्वच्छ आहे, काठाला झाडं आहेत, वाटेत अडथळा नाही. एका माशात चार रकाने भरले. मुलांना विचारलं, आपला सामन कोणता?

उत्तर ओढ्याकाठच्या एका आजींनी दिलं. “पयल्या पावसात मासं चढायचं की ओ. वेदगंगेतनं ओढ्यात, ओढ्यातनं खाचरात. रातच्याला कंदील घिऊन जायचं आन् बुट्टी लावायची. घरात दोन दिस कालवण.” आता? “आता कुठलं? रस्त्याखाली पाइपा घातल्याती. त्येचं तोंड बघा किती वर हाय. मासं उडी मारणार हाय व्हय?”

आम्ही खाली उतरून पाहिलं. आजींचं खरं होतं. मोरीच्या दोन्ही पाइपांची तोंडं ओढ्याच्या तळापासून गुडघाभर वर, खाली पाण्याने कोरलेला खड्डा. एका पाइपात प्लॅस्टिक, नारळाच्या करवंट्या, फाटकी गोधडी अडकलेली. मोठ्या पावसात माशाला वर जाता येत नाही आणि पाण्याला खाली. ते मग शेजारच्या अंगणात शिरतं. आजींनी भिंतीवरची ओल दाखवली, मुलांनी टेपने मापली. चढणीचा मासा आणि आजींची भिंत, दोन्हींचं दुखणं त्या एकाच मोरीत आहे. मला इतकं स्पष्ट आजवर कोणत्याही अहवालात दिसलं नव्हतं.

सगळी मुलं एकमताने म्हणाली, आपला निर्देशक चढणीचे मासे. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री ओढ्यावर थांबायचं ठरलं. पालकांना विचारूनच, हे मी बजावलं.

30 नोव्हेंबर, रविवार
मुलांनी ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. ग्रामपंचायत विकास आराखड्यात तीन गोष्टी घ्याव्यात, अशी विनंती. दर महिन्याला प्रत्येक वाहिनीच्या पहिल्या आणि शेवटच्या नळाची मोजणी करून ती फलकावर लावावी. गावातले सगळे ओढे पूर्ण रुंदीसह नकाशावर रंगवून पुढचे प्लॉट पडण्याआधी चावडीत लावावेत. आणि मोरी नव्याने बांधायची वेळ येईल तेव्हा पाइपाऐवजी स्लॅबची, तळ ओढ्याच्या तळाला भिडलेला.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला असतो, हे मुलांनी अर्जात स्वतः शोधून घातलं. पहिल्या दोन मागण्यांना तर टेप, रंग आणि फलक यांपलीकडे खर्चच नाही. अर्जाच्या खाली मुलांच्या सह्या आहेत आणि सगळ्यांत वर आजींचा अंगठा.