पंचाहत्तर पत्त्यांचा दस्तऐवज

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी अशी नावे आपल्या ओठांवर येतात. आजच्या धाग्यात एका अर्वाचीन साधनाविषयी लिहितो आहे: पत्त्यांच्या स्पर्धेत खेळल्या गेलेल्या डेकची यादी. वरवर पाहता ती किराणा मालाच्या यादीसारखी दिसते. पण तिच्यावर तारीख असते, कर्त्याचे नाव असते आणि प्रत्येक ओळीमागे एक निर्णय असतो. गेले काही महिने मी अशाच एका जुन्या यादीची नव्याने जुळवणी करतो आहे. त्या कामात मला खेळाइतकाच इतिहासाच्या पद्धतीचाही अभ्यास घडला.

२/ प्रथम पार्श्वभूमी. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. नेहमीच्या पत्त्यांत कॅट सर्वांचा एकच असतो. येथे प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून स्वतःचा किमान ६० पत्त्यांचा डेक बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या डावासाठी १५ पत्ते राखीव ठेवतो. लँडमधून ‘माना’ मिळतो आणि तो खर्चून उरलेले पत्ते मेजावर उतरतात. एकाच नावाचे पत्ते चारापेक्षा अधिक चालत नाहीत; साध्या लँडना तेवढी सूट. म्हणजे पहिली लढाई मेजावर होण्याआधी कागदावरच होते.

३/ या खेळात ‘आर्टिफॅक्ट’ नावाचा वर्ग आहे: यंत्रे, अवजारे, जादूई वस्तू. त्यांच्या आधारे प्रतिपक्षाची नाकेबंदी करण्याची परंपरा खेळाइतकीच जुनी आहे. १९९३ च्या पहिल्याच संचात ‘विंटर ऑर्ब’ होता. तो मेजावर उभा असेपर्यंत कोणालाही दर पाळीला एकच लँड पुन्हा वापरता येई. त्याच संचातील ‘आयसी मॅनिप्युलेटर’ हा त्याचा जोडीदार. प्रतिस्पर्ध्याची पाळी संपता संपता त्याने स्वतःचाच ऑर्ब आडवा करायचा, म्हणजे तो तेवढ्यापुरता निष्प्रभ होतो आणि आपली सर्व लँड मोकळी होतात. निर्बंध दोघांवर, सवलत मात्र एकालाच. पुढील तीन दशकांतील कितीतरी डेक याच तत्त्वावर उभे राहिले.

४/ या परंपरेला विचारांची बैठक दिली ती नियंत्रणाच्या डेकांनी. १९९० च्या दशकाच्या मध्यास ब्रायन वाइसमन यांच्या डेकला लोक नुसते ‘द डेक’ म्हणू लागले. त्यात प्रतिपक्षाला हरवणारे प्राणी म्हणून जवळजवळ दोन ‘सेरा एंजल’ एवढेच होते. उरलेला सारा डेक समोरच्याला काहीही करू न देण्यासाठी आणि हातात त्याच्यापेक्षा अधिक पत्ते राखण्यासाठी. विजय हा घाईचा विषय नाही, प्रथम पराभवाच्या वाटा बंद करा, हा त्याचा पाठ.

५/ आता आपल्या यादीकडे वळू. तिचे नाव ‘लँटर्न कंट्रोल’. कंदील, म्हणजे ‘लँटर्न ऑफ इनसाइट’, हा २००४ मधील एक मानाचा पत्ता. तो मेजावर असेपर्यंत दोन्ही खेळाडूंच्या गड्डीवरील वरचा पत्ता उघडा राहतो. जोडीला ‘कोडेक्स श्रेडर’: हे यंत्र एकदा वापरले की निवडलेल्या खेळाडूचा वरचा पत्ता थेट ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात जातो. कंदिलाने पाहायचे आणि श्रेडरने निवडायचे. समोरच्याला उपयोगी पत्ता दिसला की तो बाद करायचा, निरुपयोगी दिसला की तो सुखाने घेऊ द्यायचा.

६/ तिसरा आधारस्तंभ ‘एन्स्नेअरिंग ब्रिज’. ज्याची ताकद तुमच्या हातातील पत्त्यांच्या संख्येहून अधिक, तो प्राणी हल्ला करू शकत नाही. हात रिकामा ठेवा, म्हणजे एक ताकदीचा प्राणीही थबकतो. म्हणून या डेकमध्ये स्वस्त पत्ते हवेत, कारण ते हातातून झटपट मेजावर उतरतात. आणि स्वस्त आर्टिफॅक्ट भराभर उतरले की शून्य मानाचे ‘मॉक्स ओपल’ जागे होते: तीन आर्टिफॅक्ट मेजावर असले की ते हव्या त्या रंगाचा माना देते. येथे प्रत्येक दगड दुसऱ्या दगडावर टेकलेला आहे.

७/ थोडे गणित. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतील दर चारांपैकी एक पत्ता आपल्याला घातक आहे. कंदील आणि एक श्रेडर असेल, तर वरचे दोन्ही पत्ते घातक निघाले तरच एक त्याच्या हाती पडेल: ही शक्यता सुमारे १६ मध्ये १. दोन श्रेडर असल्यास ६४ मध्ये १, तीन असल्यास २५६ मध्ये १. गड्डी संपत जाते तसा हा हिशेब किंचित बदलतो, पण दिशा तीच राहते. एकेका यंत्रागणिक फट चौपटीने अरुंद होते. वेढा घालणारी फौज हीच भाषा बोलते: तटावर चढाई नको, रसद तोडा.

८/ इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. ब्रिज १९९८ चा, कंदील २००४ चा, ओपल २०१० चे, श्रेडर २०१२ चा. साहित्य सारे हाताशी होते, तरी मोठा विजय आला तो सप्टेंबर २०१५ मध्ये, झॅक एल्सिक यांनी ओक्लाहोमा सिटीची ग्रां प्री जिंकली तेव्हा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्जेंटिनाच्या लुइस साल्व्हाटो यांनी स्पेनमधील बिल्बाओ येथे प्रो टूर जिंकली. अंतिम सामन्यात समोर गेरी थॉम्पसन होते. साधने उपलब्ध असणे आणि त्यांचा परस्परसंबंध कोणाला तरी दिसणे, यांत वर्षे जातात. शोधांच्या इतिहासात हे वारंवार घडते.

९/ आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि कल्पना करा की त्यांच्या तारखा पुसल्या गेल्या आहेत. कालनिश्चिती करता येईल का? येईल. साल्व्हाटो यांच्या यादीत ‘व्हर ऑफ इन्व्हेन्शन’ आहे. हा पत्ता गड्डीतून हवे ते आर्टिफॅक्ट शोधून थेट मेजावर आणतो आणि तो छापला गेला २०१७ च्या आरंभी. तेव्हा ती यादी त्याआधीची असूच शकत नाही. जुन्या कागदात नंतरच्या काळातील पदवी किंवा नाणे आढळले की अभ्यासक सावध होतो. ही तीच कसोटी. यादीतला सर्वांत नवा पत्ता ही तिच्या काळाची सर्वांत आधीची सीमा.

१०/ मग यादीचा प्रवास थांबला. जानेवारी २०२० मध्ये ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारातून मॉक्स ओपलवर बंदी आली. कंदिलावर बंदी नव्हती, पण त्याचे तेल गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठली आणि माझे काम सुरू झाले. २०१८ ची यादी जशीच्या तशी उतरवून घेणे हे नकलनविसाचे काम झाले असते. मधल्या वर्षांत जग बदलले होते: ‘फोर्स ऑफ व्हिगर’ एकाही मानाविना दोन आर्टिफॅक्ट नष्ट करू शकतो. ‘कार्न, द ग्रेट क्रिएटर’ समोरच्याची यंत्रे बंद पाडतो. ‘बोसेजू’ हे तर लँड, तरीही हातातूनच आर्टिफॅक्ट फोडते.

११/ लाभही झाला होता. २०२१ मधील ‘उर्झाज सागा’ हे लँड आपल्या तिसऱ्या अध्यायात शून्य वा एक मानाचे आर्टिफॅक्ट गड्डीतून शोधून आणते आणि नाहीसे होते. कंदील, श्रेडर, ओपल, ‘पिथिंग नीडल’ सारेच त्या मापात बसतात. पण सागा रंगीत माना देत नाही आणि व्हरला तीन निळे माना लागतात. आर्टिफॅक्ट आडवे करून व्हरचा उरलेला खर्च भागतो, ते तीन निळे नाही. दोन्ही पोसायला गेलो असतो तर दोन्ही उपाशी राहिले असते. मी सागा चार घेतले आणि व्हर सोडला.

१२/ या निर्णयाची किंमत होती: ब्रिज तीन मानाचा, तो सागाला सापडत नाही. म्हणून ब्रिज चार ठेवले. चार प्रती असतील तर पहिल्या सात पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, तीन असतील तर ३१.५ टक्के. उरलेली उणीव ‘एन्शंट स्टरिंग्ज’ भरून काढतो: वरचे पाच पत्ते पाहून एक रंगहीन पत्ता घ्यायचा. त्यात ब्रिजही आला, सागाही आले. कंदील मात्र मी तीनच ठेवले, कारण आता चार लँडही त्याला शोधतात. जुळवणी म्हणजे आवडते पत्ते भरणे नव्हे. एका जागेचा भार दुसरीकडे कसा सरकतो ते मोजणे.

१३/ श्रेडरहून दुबळी वाटणारी दोन यंत्रे जुन्या याद्यांत का आढळतात, हे कोडे असेच सुटले. ‘घूलकॉलर्स बेल’ दोघांचाही पत्ता बाद करते, म्हणजे स्वतःचेही नुकसान. पण ‘लेलाइन ऑफ सँक्टिटी’ असलेल्या खेळाडूकडे श्रेडर रोखता येत नाही. घंटा कोणाला रोखतच नाही, म्हणून ती चालते. ‘पिक्सिस ऑफ पँडेमोनियम’ पत्ता ग्रेव्हयार्डात न टाकता खेळाबाहेर नेते. ‘एन्शंट ग्रज’ हा यंत्रे फोडणारा पत्ता ग्रेव्हयार्डातूनही पुन्हा वापरता येतो, त्याला श्रेडरने बाद करणे म्हणजे शत्रूच्या हाती तलवार देणे. जुन्या कर्त्याची निवड विचित्र वाटली तर तिला हसण्याआधी त्याच्यापुढे कोणते संकट उभे होते ते शोधावे, हा धडा मला येथे पुन्हा मिळाला.

१४/ सरावाला माझा एक मित्र बसत असे. एका दीर्घ डावानंतर तो म्हणाला, “हरलो ते कळलं रे. पण मी खेळलो कधी?” प्रश्न रास्त होता. सुरुवातीच्या सात पत्त्यांनंतर गड्डीत ५३ उरतात. तीन श्रेडर आणि रोजचा एक पत्ता धरला तरी ती संपायला १३-१४ पाळ्या लागतात. स्पर्धेतील फेरी साधारणतः ५० मिनिटांची. एवढा वेळ एका माणसाने आपलीच आशा एकेक पत्त्याने बाद होताना पाहत बसायचे. कायद्यात बसते ते सारे खेळकरपणातही बसते का? मला हा डेक सोडून द्यावासा वाटला, इतका तो प्रश्न बोचला.

१५/ मग आम्ही डेक बदलून घेतले. कंदील त्याच्याकडे, वेढ्यात मी. तेव्हा समजले की वेढ्यातही कर्तृत्व असते. ‘फेचलँड’ वापरले की गड्डी पिसली जाते. म्हणून ते घाईने न वापरता राखून ठेवायचे आणि वरचा पत्ता नकोसा दिसला की पिसून टाकायचा. हा किल्ल्याचा चोरदरवाजा. यंत्र फोडणारा पत्ता मिळताच उधळायचा नाही. दोन जमले की एकाच पाळीत कंदील आणि ब्रिज दोन्ही पाडायचे. कंदील दोघांनाही सारखेच दाखवतो, या डेकमध्ये गुपित असे काही नाही. त्यानंतरचे तीन डाव मित्राने माझ्याविरुद्ध जिंकले. चौथ्या वेळी ब्रिज पडल्यावर तो खुर्चीतून उठून हसला.

१६/ त्या पराभवांनीच यादीतील शेवटची जागा ठरवली. तेथे मी दुसरी पिथिंग नीडल घेतली. ती एका पत्त्याचे नाव घेते आणि माना देणारी सोडून त्या नावाची सारी सक्रिय कृती थांबते: बोसेजूचे नाव घेतले तर हातातला बोसेजूही स्फोट करू शकत नाही, फेचलँडचे घेतले तर चोरदरवाजा बंद. सागा तिला शोधूनही आणतो. यादी पूर्ण झाली: ६० मुख्य, १५ राखीव.

१७/ उद्या कोणी ही यादी पाहिली आणि माझे नाव-गाव काही ठाऊक नसले, तरी तिला बरेच कळेल. सागामुळे ती २०२१ नंतरची, ओपल मॉडर्नमध्ये आहे म्हणून डिसेंबर २०२४ नंतरची. कंदील तीन का, नीडल दोन का, हेही काढता येईल. राखीव पंधरा पत्ते तर त्या काळातील भीतीची नोंदवहीच. एक गोष्ट मात्र कागदावर नाही: समोर बसलेल्या माणसाचा तो प्रश्न. तो दुसऱ्या नीडलच्या मागे आहे, पण यादी त्याचा उच्चार करत नाही. म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या स्पर्धांच्या याद्या जपाच, आणि त्यांच्या पाठीमागे दोन ओळी लिहून ठेवा: समोर कोण होते आणि तो काय म्हणाला.